काही शे रुपयांचं यंत्र आणि कोटीत एक किरण : सर सी. व्ही. रामन आणि भेसळ पकडणारा प्रकाश

दुधात पाणी किती घातलंय, हे आपल्या आजी-नानी नखावर थेंब घेऊन सांगायच्या. थेंब ठरला तर दूध बरं, लगेच ओघळला तर गवळ्याची खैर नाही. पण आजची भेसळ नुसत्या पाण्याची राहिलेली नाही. दुधात युरिया, हळदीत मेटॅनिल यलो, मिरचीपुडीत सुदान नावाचा लाल रंग, माशांच्या तळ्यात बुरशी मारायला टाकलेलं मॅलॅकाइट ग्रीन. यातलं काही नखावर कळत नाही आणि जिभेलाही कळत नाही. ईदच्या आदल्या दिवशी शीरखुर्म्यासाठी लिटर-लिटर दूध घरात येतं, आपण बिस्मिल्लाह म्हणून भांडं गॅसवर ठेवतो, आणि आत काय आहे ते अल्लाहलाच ठाऊक!

आपल्याकडे हा विषय फक्त तब्येतीचा नाही, ईमानाचाही आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून खालचा ओलावा तपासला आणि फसवणूक करणाऱ्याला सुनावलं, ही हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पुढे मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी नेमला जायचा. वजनं-मापं, दूध, मसाले तपासणं हे त्याचं काम. म्हणजे ढिगात हात घालून बघायची शिकवण जुनीच आहे. अडचण एवढीच की आता जे लपवलंय ते हाताला लागत नाही.

यावर जगभरच्या प्रयोगशाळांत एक उपाय शोधला जातोय. कागदाची छोटी पट्टी, तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण, त्यावर दुधाचा किंवा फळ धुतलेल्या पाण्याचा एक थेंब. वरून लेसरचा प्रकाश टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशातून थेंबात काय आहे ते वाचायचं. ही कल्पना ज्या शोधावर उभी आहे तो शोध कलकत्त्यातल्या एका साध्या खोलीत लागला. लावणारे होते चंद्रशेखर वेंकट रामन. दर २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन होतो, रामन यांच्या फोटोला हार घातला जातो, पण त्यांच्या शोधाचा आपल्या दुधाच्या पातेल्याशी काय संबंध, हे मुलांना कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही त्यांची गोष्ट सांगतोय.

हिशेबनीस साहेबाची पहाट

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैकावल इथला. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. पुढे त्यांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागली आणि घर तिकडे गेलं. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकं भरपूर. पोरगा इतका हुशार की अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बी.ए. आणि १९०७ साली एम.ए. मधल्या काळात, १९०६ मध्ये, अठरा वर्षांच्या या पोराचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापूनही आला.

त्या काळी हुशार मुलाने विलायतेला जायचं, ही रीतच होती. पण मद्रासच्या सिव्हिल सर्जनने तपासून सांगितलं की या प्रकृतीला विलायतेची हवा मानवणार नाही. मग काय, घरच्यांनी सरकारी नोकरीचा रस्ता धरला. रामन यांनी अर्थखात्याची स्पर्धा परीक्षा दिली आणि पहिले आले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं आणि जून १९०७ मध्ये हे तरुण जोडपं कलकत्त्याला आलं. हुद्दा असिस्टंट अकाउंटंट जनरल. पगार चांगला, मान मोठा. इतरांची गोष्ट इथेच संपली असती.

एक दिवस ट्रामने जाताना बोबाजार स्ट्रीटवर त्यांना एक पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून ही संस्था उभी केली होती. भारतीयांनी विज्ञान स्वतःच्या हाताने करावं, एवढाच त्यांचा ध्यास. पण प्रयोग करणारे कुणी उरले नव्हते, उपकरणांवर धूळ बसली होती. रामन यांनी दार ठोठावलं. आशुतोष डे नावाच्या मदतनीसाने ते उघडलं. हे आशूबाबू पुढे वर्षानुवर्षं त्यांचे साथीदार झाले.

त्यानंतर दहा वर्षं रामन यांचा दिवस असा जायचा : पहाटे प्रयोगशाळा, मग घरी येऊन घाईने जेवण, मग कचेरी, आणि कचेरी सुटली की पुन्हा प्रयोगशाळा, ती रात्रीपर्यंत. मध्ये रंगूनला बदली झाली, १९१० साली आपल्या नागपूरलाही झाली, तरी संशोधन सुटलं नाही. नोकरी सांभाळून, घर सांभाळून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

या काळात त्यांचा जीव वाद्यांवर होता. तबला आणि मृदंग इतर ढोलांसारखे नुसते धप् का वाजत नाहीत, त्यातून सूर का निघतो, हे त्यांनी शोधून काढलं. सगळी करामत चामड्यावर मधोमध लावलेल्या शाईची. त्या थरामुळे चामड्याचं थरथरणं बदलतं आणि सूर जुळतात. पृष्ठभागावर एक पातळ थर दिला की त्यातून बाहेर येणारं सगळंच बदलतं! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

बंदरात लिहिलेलं पत्र

१९१७ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी रामन यांना कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक म्हणून बोलावलं. पगार सरकारी नोकरीपेक्षा बराच कमी. रामन यांनी फार विचार केला नाही, नोकरी सोडली. त्या पदासाठी आधी परदेशात जाऊन शिकून यावं अशी अट होती, तीही त्यांनी मानली नाही. शेवटी विद्यापीठालाच अट बाजूला ठेवावी लागली.

१९२१ साली ते पहिल्यांदा विलायतेला गेले, ऑक्सफर्डच्या एका परिषदेसाठी. बोटीतून भूमध्य समुद्र बघताना त्या गर्द निळ्या रंगाने त्यांना अस्वस्थ केलं. तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानायचे की समुद्र निळा दिसतो कारण त्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं. रामन यांच्याकडे निकोल प्रिझम नावाचा काचेसारखा छोटा स्फटिक होता. त्यातून ठराविक कोनात पाहिलं की पाण्यावरची आभाळाची चमक निघून जाते. त्यांनी पाहिलं. चमक गेली, निळा रंग राहिला, उलट आणखी गडद झाला. म्हणजे रंग आभाळाकडून उसना घेतलेला नव्हता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. परतताना नारकुंडा ही बोट मुंबईला लागली तेव्हा त्यांनी यावर नेचर नियतकालिकासाठी पत्र तयार ठेवलं होतं. त्यावर पत्ता आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१.

जकात नाक्याची गोष्ट

पुढची सात वर्षं रामन आणि त्यांचे विद्यार्थी एकाच कामाला भिडले : प्रकाश द्रवातून जाताना नेमकं काय होतं? १९२३ साली के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी फिका, वेगळ्या रंगाचा अंश दिसला. द्रवात घाण असेल म्हणून तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला. तरी तो फिका रंग जाईना. म्हणजे दोष द्रवाचा नव्हता.

१९२८ च्या सुरुवातीला के. एस. कृष्णन यांना सोबत घेऊन रामन यांनी हे शेवटाला न्यायचं ठरवलं. प्रयोग ऐकून आश्चर्य वाटेल इतका साधा. सूर्याचा उजेड दुर्बिणीच्या भिंगाने एकवटायचा आणि जांभळ्या काचेतून द्रवात सोडायचा. बाजूने हिरवट काच धरून बघायचं. ही दुसरी काच जांभळा प्रकाश पूर्ण अडवते, म्हणजे डोळ्याला अंधार दिसायला हवा. पण अंधार नव्हता. फिकी रेषा दिसत होती. द्रवात शिरताना जो रंग नव्हता तो बाहेर पडताना आला होता. एक नाही, साठाहून जास्त द्रवांत तेच दिसलं. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्या शोधाचा दिवस. त्यानंतर पाऱ्याचा दिवा आणि वर्णपट टिपणारं यंत्र लावल्यावर फोटोच्या काचेवर स्वच्छ वेगवेगळ्या रेघा उमटल्या. हे सगळं सामान त्या काळच्या काही शे रुपयांत बसणारं होतं.

या रेघा म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगतो. मुंबईच्या वेशीवर पूर्वी जकात नाके होते, आठवतंय ना? ट्रक आत यायचा तर काही पैसे ठेवून जावं लागायचं. प्रकाशाचा कण रेणूवर आदळतो तेव्हा बहुतेक वेळा काही न देता तसाच परततो. पण क्वचित एखादा कण रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो, जशी जकातच. ऊर्जा कमी झाली की त्याचा रंग बदलतो. आणि गंमत अशी की प्रत्येक पदार्थाच्या रेणूचा जकातीचा दर वेगळा. पाण्याचा वेगळा, साखरेचा वेगळा, युरियाचा वेगळा. परत आलेल्या प्रकाशाचे रंग मोजले की तो कुठल्या नाक्यावरून आला ते कळतं. माणसाचा जसा अंगठ्याचा ठसा, तसा पदार्थाचा हा प्रकाशाचा ठसा.

त्याच सुमाराला मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम या शास्त्रज्ञांनाही स्फटिकांत हाच परिणाम दिसला होता. पण रामन यांनी आधी छापलं, आणि जगाने त्याला रामन परिणाम म्हटलं. १९२९ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९३० साली भौतिकशास्त्राचं नोबेल. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते आशियातले पहिले.

उघडलेलं दार, अडवलेलं दार

१९३३ साली रामन बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस सुरू केली आणि मैसूर संस्थानाने तिला बेंगळुरूत जागा दिली. त्या वेळी संस्थानाचे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. बेंगळुरू-मैसूरच्या बागा, रस्ते आणि कारखान्यांशी ज्यांचं नाव आजही जोडलं जातं तेच. याच जागेवर १९४८ साली रामन यांची स्वतःची संशोधन संस्था उभी राहिली.

पण मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना त्याची चूक झाकणं आम्हाला पटत नाही. १९३३ मध्येच मुंबईची एक मुलगी त्यांच्या दाराशी आली. कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आलेली. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई रडत परत गेल्या नाहीत. त्या समोर ठाण मांडून बसल्या, गांधीजींच्या मार्गाने. शेवटी रामन नमले, पण अटी घालून : पहिलं वर्ष प्रवेश पक्का नाही, काम पसंत पडलं तरच तो पक्का होईल, आणि तिच्या असण्याने मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. वर्षभराने त्यांचं काम बघून रामन यांनी त्यांना पूर्ण प्रवेश दिला आणि मग इतर मुलींसाठीही संस्थेचं दार उघडलं.

याच कमलाबाई पुढे कमला सोहोनी झाल्या. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानात हे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. बेंगळुरूत त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. मुंबईत परतल्यावर नीरेवर संशोधन केलं. आणि उतारवयात त्या ग्राहकांच्या चळवळीत उतरल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात राहून साध्या गृहिणींना अन्नातल्या फसवणुकीबद्दल जागं करत राहिल्या. बघा काय योग आहे! ज्यांचा प्रकाश आज भेसळ पकडायला निघालाय, त्यांनी जिला दारात अडवलं, तिने आयुष्याची शेवटची वर्षं भेसळीशी लढण्यात घालवली.

बेंगळुरूच्या काळात रामन यांना आणखी एक वेड लागलं होतं, रंगांचं. शंख-शिंपल्यांच्या आतली इंद्रधनुषी चमक, नीळकंठ पक्ष्याच्या पंखांचा निळा रंग, हिरे, मोती. हे रंग कुठल्या रंगद्रव्यामुळे येतात का, हे त्यांनी तपासलं. बऱ्याच ठिकाणी उत्तर वेगळंच निघालं : इथे करामत पृष्ठभागाच्या किंवा आतल्या थरांच्या अतिसूक्ष्म रचनेची. इतके बारीक थर की प्रकाश त्यांच्यावर आपटून आपसातच रंग निवडतो. नॅनो हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण ज्याला आज आपण नॅनोरचना म्हणतो तिच्यापाशी ते पोचले होते.

१९५४ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बेंगळुरूत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार संस्थेच्या बागेतच झाले. तिथे समाधी बांधलेली नाही, एक झाड उभं आहे.

चांदी खडबडीत केली आणि...

रामन गेले तेव्हा त्यांच्या शोधाची एक मोठी अडचण तशीच राहिली होती. जकात देऊन येणारा कण फारच दुर्मीळ. साधारण कोटीत एक. इतका मंद प्रकाश फोटोवर टिपायला सुरुवातीला तासन् तास, कधी दिवसच्या दिवस लागायचे. १९४० च्या दशकात अवरक्त किरणांची सोपी यंत्रं आली आणि रासायनिक तपासणीत रामन परिणाम मागे पडला. १९६० साली लेसर आला तेव्हा त्याला पुन्हा बरे दिवस आले. तरीही दुधात चिमूटभर मिसळलेलं काही शोधायचं म्हटलं तर हा प्रकाश अपुराच.

मग १९७४ साली, रामन यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात एक वेगळीच गोष्ट घडली. फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन हे शास्त्रज्ञ चांदीच्या इलेक्ट्रोडवर चिकटलेल्या पिरिडीन नावाच्या रसायनाचा रामन प्रकाश मोजत होते. जास्त रेणू चिकटावेत म्हणून त्यांनी चांदीचा पृष्ठभाग विजेने खडबडीत केला होता. प्रकाश एकदम जोरात आला. त्यांना वाटलं, जागा वाढली म्हणून रेणू वाढले, म्हणून प्रकाश वाढला. पण १९७७ साली अमेरिकेत व्हॅन डाइन आणि जीनमेअर यांनी, आणि इंग्लंडमध्ये ऑल्ब्रेख्ट आणि क्रायटन यांनी हिशेब मांडला. वाढ लाखो पटींची होती. नुसती जागा वाढून एवढं होणं शक्यच नाही.

मग होतं काय? चांदी किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून झुलू लागतात. असे दोन कण अगदी जवळ असले, मधली फट काही नॅनोमीटरची असली, की सगळा जोर त्या फटीत एकवटतो. दोन चाळींमधल्या बोळातून वारा कसा जोरात घुसतो, तसंच. आपलं केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतं, त्यावरून ही फट किती बारीक ते समजा. त्या फटीत अडकलेल्या रेणूचा रामन प्रकाश लाखो पट वाढतो. १९९७ साली तर काही पदार्थांचा एकटा रेणूसुद्धा अशा रीतीने ओळखला गेला. तबल्याच्या शाईसारखंच नाही का हे? पृष्ठभागावर योग्य थर दिला, आणि जो आवाज ऐकू येत नव्हता तो येऊ लागला.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल. नवव्या शतकात अब्बासी खिलाफतीच्या काळात इराकमधले कुंभार झिलई दिलेल्या भांड्यांवर चांदी आणि तांब्याची संयुगं मातीत कालवून नक्षी काढायचे आणि धुराने कोंदलेल्या भट्टीत पुन्हा भाजायचे. त्या भांड्यांना सोन्यासारखी, कोन बदलला की रंग बदलणारी झाक यायची. आजच्या शास्त्रज्ञांनी ती झिलई तपासली तेव्हा तिच्यात चांदी-तांब्याचे नॅनोकण सापडले. त्या कारागिरांना इलेक्ट्रॉन माहीत नव्हते, पण धातूचे बारीक कण प्रकाशाशी खेळतात हे त्यांच्या हाताला कळलं होतं. तेही मातीच्या भांड्यावर, साध्या भट्टीत.

स्वस्त पट्टी कशी बनते?

खरा प्रश्न आता येतो. असा पृष्ठभाग बनवायचा कसा आणि किती पैशांत? सुरुवातीला तो इलेक्ट्रॉनच्या झोताने, धूळविरहित खोल्यांत कोरला जायचा. एकेक तुकडा महाग, आणि बहुतेकदा एकदा वापरला की फेकायचा. श्रीमंत प्रयोगशाळेला हे परवडेल. आपल्या तालुक्याच्या दूध संकलन केंद्राला नाही.

म्हणून गेली काही वर्षं शास्त्रज्ञ स्वस्त वाटा शोधतायत. सर्वांत साधी वाट म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या उकळत्या पाण्यात सोडियम सायट्रेट घालायचं. पाणी हळूहळू पिवळट-हिरवट होतं, कारण त्यात चांदीचे नॅनोकण तयार होतात. ही कृती १९८२ पासून माहीत आहे आणि तिला लागणारं सामान साध्या कॉलेजातही असतं. हे पाणी गाळण कागदावर जिरवलं की पट्टी तयार. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली चांदीच्या कणांची शाई करून ती साध्या इंकजेट प्रिंटरने कागदावर छापून दाखवली. दुसरी वाट म्हणजे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी काचेवर एका थरात शेजारी-शेजारी बसवायचे आणि वर चांदीचा पातळ मुलामा द्यायचा. मणी आपोआप रांगेत बसतात, कोरायची गरजच नाही. काहींनी जुन्या डीव्हीडीच्या बारीक खाचांवर चांदी चढवली. काहींनी रातकिड्यासारख्या सिकाडा कीटकाच्या पंखावर, कारण त्यावर निसर्गानेच नॅनो आकाराचे खुंट उभे केलेले असतात.

याची गरज किती, हे २००८ साली चीनने दाखवलं. प्रथिनं जास्त भासावीत म्हणून दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. नेहमीच्या चाचणीत फक्त नायट्रोजन मोजला जायचा, आणि मेलामाइन त्या चाचणीला फसवायचं. प्रकाशाचा ठसा मात्र मेलामाइनला मेलामाइन म्हणूनच ओळखतो. त्यानंतर चांदी-सोन्याच्या पृष्ठभागांवर मेलामाइन शोधण्याचं काम अनेक प्रयोगशाळांनी हाती घेतलं. सफरचंदाच्या सालीवरचं थायरम हे कीडनाशक आणि माशांतलं मॅलॅकाइट ग्रीन हेही या रीतीने पकडून दाखवलंय.

पण आम्ही खोटी आशा विकणार नाही. उद्या सकाळी गवळ्याच्या कॅनसमोर पट्टी धरता येईल अशी वेळ अजून आलेली नाही. चांदी हवेत काळी पडते, जसे आपले पैंजण पडतात. कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. म्हणून पट्टी नीट बंद करून ठेवावी लागते. एकाच कागदावर इथे प्रकाश जोरात, दोन मिलिमीटर पुढे मंद, असं होतं. त्यामुळे भेसळ आहे हे कळतं, पण नेमकी किती हे खात्रीने सांगणं अवघड. दुधातली चरबी आणि प्रथिनं चांदीला आधी चिकटून बसतात आणि शोधायचा रेणू बाहेर राहतो, म्हणून थेंब टाकण्याआधी दूध थोडं स्वच्छ करून घ्यावं लागतं. आणि पट्टी स्वस्त झाली तरी ती वाचणारं हातात धरायचं यंत्र अजून लाखांच्या घरात आहे. दुकानात एकेकाला नाही, पण दूध संघाला, बाजार समितीला, सरकारी तपासणी व्हॅनला ते परवडू शकतं. खर्च उतरवायची लढाई अजून चालू आहे.

ही लढाई लढायची जागा मोठ्या शहरांतच आहे असं समजायचं कारण नाही. सिल्व्हर नायट्रेट, सायट्रेट, गाळण कागद आणि धीर, एवढ्यावर सुरुवात होते. महाग आहे ते शेवटचं मोजमाप, आणि त्यासाठी विद्यापीठातल्या यंत्रावर वेळ मागता येतो. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, रत्नागिरी इथे आपल्या पोरी आज रसायनशास्त्र शिकतायत. घरी कुणी विचारतं, एवढं शिकून काय करणार? त्यांनी या घरांना सांगावं, आम्ही दूध तपासणार, हळद तपासणार, बाळांचं अन्न तपासणार. ढिगात हात घालून बघायचं जे काम आपल्याला शिकवलंय, ते आता आम्ही प्रकाशाने करणार.

रामन यांच्या आयुष्यात दोन दारं होती. बोबाजारचं दार आशूबाबूंनी एका अनोळखी कारकुनी माणसासाठी उघडलं आणि त्यातून एक नोबेल निघालं. बेंगळुरूचं दार रामन यांनी एका मुलीच्या तोंडावर लावलं आणि ते तिला हट्टाने उघडावं लागलं. आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या, कॉलेजातल्या दारांवर आज आपणच उभे आहोत. एखादी मुलगी प्रयोगशाळेत जायचं म्हणत असेल, तर तिला ठाण मांडून बसायची वेळ येऊ देऊ नये.